डाव्या बाजूचे पाच अंश

मास्तरांनी आयुष्यात कुठल्याच शाळेत शिकवलं नव्हतं. स्वतः शिकले ते सातवीपर्यंत, आणि सातवीसुद्धा दोन वर्षं पुरवून पुरवून. तरी सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे, कारण शर्यतीच्या गाडीचं इंजिन नुसतं ऐकून त्याचं दुखणं सांगणारा दुसरा माणूस आसपास नव्हता. गाडी गॅरेजच्या दाराशी आली की ते मान जराशी कलती करायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, तिसऱ्याचा व्हॉल्व्ह घट्ट बसलाय. खोलून बघावं तर तिसऱ्याचाच. देवाने असा कान दिला की माणसाच्या अंगात थोडा ताठा येतोच. मास्तरांच्या अंगात तो थोडा नव्हता.

त्या ताठ्याला धक्का दिला दाताच्या डॉक्टरांनी. हे डॉक्टर आठवडाभर लोकांना तोंड उघडायला लावायचे आणि रविवारी डोंगराच्या वळणावळणाच्या रस्त्यावर घड्याळाशी शर्यत लावायचे. तरुणपणी जमलं नाही म्हणून पन्नाशीत लागलेलं वेड. त्यांच्या गाडीचं इंजिन मास्तरांनी चार महिन्यांपूर्वी नव्याने बांधून दिलं होतं. सहा सिलिंडर, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे, दोन्ही रांगा वर फाकलेल्या. महिन्याभरापूर्वी डॉक्टर कुरकुरत आले होते की चढावर गाडी दम टाकते. मास्तरांनी इंजिन चालू करून ऐकलं आणि निकाल देऊन टाकला: इंजिन अगदी सुरात आहे, तुमचाच पाय हलका पडतोय. बिचाऱ्यांनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं. पुढचे दोन रविवार पाय जड करून पाहिला, एका वळणावर थेट गवतात जाऊन आले, पण वेळ काही सुधारली नाही.

आज ते स्टीलचा ट्रे घेऊन आले होते. दवाखान्यातलाच, उपटलेले दात ठेवतात तसला. त्यात सहा स्पार्क प्लग ओळीने मांडलेले आणि प्रत्येकाखाली सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. उजवीकडचे तिन्ही बिस्किटाच्या रंगाचे, कोरडे, ठणठणीत. डावीकडच्या तिन्हींवर काजळी.

"मास्तर, मला इंजिनातलं काही कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण एखाद्याच्या तोंडात डावीकडचेच सगळे दात किडलेले दिसले, तर मी त्याला एकदा तरी विचारतो, की बाबा रे, डावीकडे काय चाललंय?"

तिथल्या तिथे कबूल करून मोकळं व्हायचं, की हो, बघायला हवं. पण मागे मास्तरीणबाई चहाचे कप घेऊन उभ्या, दारात सून नुकतीच कामावरून आलेली, आणि अशा वेळी शहाणपण सुचेल तर ते मास्तर कसले? ते बोलून गेले, "या इंजिनात माझी चूक निघाली, तर मी पुन्हा पान्याला हात लावणार नाही."

मास्तरीणबाईंनी कप जरा जोरात टेबलावर ठेवले. एवढंच.

खरं सांगायचं तर मास्तरांना तेव्हाही स्वतःची पुरती खात्री नव्हती, आणि त्याचं कारण साऱ्या जगात फक्त आपल्याला ठाऊक आहे अशी त्यांची समजूत होती. दीड वर्षापूर्वी त्यांना एक सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना डावा कान घेऊन गेली. कळलं ते असं: एका सकाळी फोन वाजला, त्यांनी सवयीने डाव्या कानाला लावला, पलीकडे चिडीचूप, म्हणून ठेवून दिला. पुन्हा वाजला तेव्हा हातात किटली होती, म्हणून फोन उजव्या कानाला गेला, आणि पलीकडून मुलगा बोलत होता. मुलगा जहाजावर नोकरीला, तीन आठवड्यांनी बंदराला लागलेला. बाबा, तुम्ही माझा फोन का ठेवून दिलात, असं तो विचारत होता. मास्तरांनी लाइनला नावं ठेवली. मग दुपारी गॅरेजचं दार लोटून घेतलं, मनगटावरचं घड्याळ काढून आधी उजव्या कानाशी धरलं, मग डाव्या, आणि बराच वेळ स्टुलावर बसून राहिले.

त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. गळा बसलेल्या गवयाने गावभर दवंडी पिटायची का? एकच कान होता तो जपून वापरायचा, असं त्यांनी ठरवलं, आणि नशीबही साथ देत होतं. योगायोगाने त्याच सुमारास सुनेने ऊन येतं म्हणून जेवणाचं टेबल फिरवलं आणि मास्तरांची डावी बाजू भिंतीकडे गेली. रस्त्याने चालताना सून नेहमी उजवीकडूनच चालायची, तिची सवय असेल. आणि मास्तरीणबाई, ज्या तीस वर्षं स्वयंपाकघरातून "अहो, ऐकलंत का" अशी हाळी द्यायच्या, त्या आता प्रत्येक गोष्ट सांगायला समोर येऊन उभ्या राहायला लागल्या. उतारवयात बायकोचं प्रेम वाढतं, असं मास्तरांनी कुठेतरी ऐकलं होतं. ते खरं असावं असं त्यांनी धरून टाकलं.

आता सुनेविषयी. ती पंप बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत होती. तिथे तिच्यापुढे दिवसभर लोखंडाचे तुकडे यायचे आणि ती ते मोजून पास किंवा नापास करायची, केसाच्या दहाव्या हिश्शाइतक्या फरकावरून. लग्न होऊन आली तेव्हा मास्तरांनी तिचं काम समजून घेतलं आणि म्हणाले होते की मोजायचं काय मोठंसं, ते शिंप्यालाही येतं. ती हसली होती. तिने राग धरला नाही, आणि ते वाक्य विसरलीही नाही. अधूनमधून जेवताना "आमच्या शिंप्यांच्या खोलीत आज" अशी सुरुवात करून ती गोष्टी सांगायची.

डॉक्टर ट्रे घेऊन उभे, मास्तर शपथ घेऊन बसलेले, अशा त्या अवघडलेल्या खोलीत तीच पहिल्यांदा बोलली. "बाबा, मी मोजून बघू का?"

"बघ," ते म्हणाले.

तिने आधी प्रत्येक सिलिंडरच्या प्लगच्या भोकात दाबाचा गेज लावला आणि डॉक्टरांना स्टार्टर मारायला सांगितलं. उजवीकडचे तिन्ही सिलिंडर सारखा दाब दाखवत होते. डावीकडचे तिन्हीही एकमेकांसारखेच, पण सगळेच थोडे कमी. सुनेने आकडे वहीत लिहिले आणि डॉक्टरांना समजावलं की पंगतीतला एकच जण आजारी पडला तर दोष त्याच्या पोटाचा, पण आख्खी रांग एकदम आजारी पडली तर दोष वाढप्याचा. एखादा व्हॉल्व्ह गळत असता तर एकच सिलिंडर मागे पडला असता. तिन्ही सारखेच मागे, म्हणजे तिघांना मिळून जो हुकूम देतो त्याला विचारायला हवं.

तो हुकूम देणारा म्हणजे कॅमशाफ्ट. व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि कधी मिटायचे ते सांगणारा दांडा. या इंजिनाला दोन्ही बाजूंना एकेक होता, आणि दोघांनाही खालचा क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा, चेनने फिरवत होता. दोन्ही कॅमशाफ्ट क्रँकशी एकाच हिशेबाने बांधलेले असले तर दोन्ही बाजू सारख्या श्वास घेतात. मास्तरांनी दोन्ही बाजू एकशे आठ अंशांवर बांधल्या होत्या, म्हणजे पिस्टन माथ्यावरून निघाल्यावर क्रँक तेवढा फिरला की व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. निदान त्यांना तसं वाटत होतं.

शनिवारी सुनेला सुट्टी. सकाळी सासऱ्याने, सुनेने आणि डॉक्टरांनी मिळून इंजिन गाडीतून साखळीने उचललं आणि स्टँडवर चढवलं. गॅरेज अरुंद, म्हणून स्टँड कायम भिंतीला लागून असायचा. इंजिनाची डावी बाजू भिंतीकडे, मधे जेमतेम एक माणूस आडवा होऊन शिरेल एवढी फट. सुनेने क्रँकच्या टोकाला अंशांच्या खुणा असलेली पत्र्याची चकती बसवली, जुन्या गाण्याच्या तबकडीएवढी, आणि ब्लॉकच्या एका बोल्टला जाड तार बांधून तिचं टोक चकतीवर काट्यासारखं वाकवलं.

मग पहिलं भांडण झालं. पिस्टन नेमका माथ्यावर कधी पोचतो ते आधी शोधावं लागतं, सगळे अंश तिथूनच मोजायचे. मास्तरांची पद्धत सोपी होती. प्लगच्या भोकातून सळई सोडायची, क्रँक फिरवायचा, सळई वर येते, थांबते, खाली जाते. थांबली तिथे माथा.

"पण नेमकी कुठे थांबते, बाबा?" सुनेने विचारलं आणि क्रँक हळूच पुढेमागे केला. चकती तीन अंश सरकली, सळई जागची हलली नाही. वर पोचलेला पिस्टन खुर्ची मिळालेल्या पुढाऱ्यासारखा, लवकर हलायचं नाव घेत नाही. तिने भोकात एक लांब बोल्ट आडवा घातला, पिस्टनला माथ्याच्या थोडं अलीकडेच अडवणारा. क्रँक एका दिशेने बोल्टला टेकेपर्यंत फिरवला, आकडा लिहिला. मग उलट दिशेने टेकेपर्यंत, पुन्हा आकडा. दोन्हींच्या बरोबर मधोमध खरा माथा. मास्तरांना ती युक्ती मनापासून आवडली, पण तसं बोलून दाखवलं असतं तर जीभ झडली असती. ते फक्त म्हणाले की क्रँक नेहमी पुढच्याच दिशेने फिरवत आकडा वाच, जास्त गेला तर बराच मागे नेऊन पुन्हा पुढे आण, नाहीतर चेनची ढिलाई आकड्यात घुसते. सुनेने मान डोलावली आणि तेही वहीत लिहून घेतलं.

उजव्या बाजूच्या व्हॉल्व्हवर तिने डायल गेज टेकवला. व्हॉल्व्ह उघडताना एक मिलिमीटर हलला तो अंश लिहायचा, मिटताना एक मिलिमीटर उरला तोही लिहायचा, आणि मधोमध कॅमचा माथा. आकडा आला एकशे आठ. तिने तीनदा मोजलं, तिन्ही वेळा एकशे आठ. मास्तरांनी डॉक्टरांकडे असं पाहिलं, जणू आता माफी मागायची वेळ त्यांची.

सुनेने गेज काढला आणि इंजिनाच्या पुढून वळून भिंतीकडच्या फटीत शिरली. तिचं लक्ष हातातल्या गेजकडे होतं, डॉक्टर वहीतले आकडे वाचत होते. तेवढ्यात तिच्या डगल्याची बाही तारेला लागली. तार वाकली आणि परत आली, पण पूर्ण आली नाही. अर्ध्या पेराएवढी सरकलेली राहिली. हे मास्तरांनी पाहिलं. कान गेल्यापासून त्यांचे डोळे दुप्पट काम करत होते.

ते तेव्हाच बोलले असते, पण सुनेने भराभर काम सुरू केलं. इंजिनाच्या घडणीवरून डावीकडचा माथा उजवीकडच्यापासून किती अंशांवर येतो हे ठाऊक होतं, म्हणून तिने तो नव्याने शोधला नाही. नुसता हिशेब केला, गेज टेकवला, क्रँक फिरवला आणि आकडा सांगितला: एकशे नऊ. पुन्हा मोजला. एकशे नऊ.

"एका अंशाने काही होत नाही," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. डॉक्टरांनी वही मिटली. ते अतिशय सभ्य गृहस्थ. म्हणाले, मास्तर, माफ करा, मी उगाच शंका घेतली, माझाच पाय असणार.

मास्तर वाचले होते. काही करायचंच नव्हतं. गप्प बसलं की काम झालं, आणि गप्प बसायला तर त्यांना दीड वर्षाचा सराव होता. डॉक्टर डावीकडून आजारी इंजिन घेऊन परत डोंगरावर जातील, पुन्हा एखाद्या वळणावर गवतात शिरतील, आणि घरी जाऊन पायाला दोष देतील. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं नाही. सुनेकडे पाहिलं. ती फटीत उभी राहून आपलेच आकडे पुन्हा पुन्हा वाचत होती आणि तिच्या कपाळावर आठी होती.

"प्लग खोटं बोलत नाहीत," ती म्हणाली. "माझंच काहीतरी चुकतंय. मला जमत नसेल हे."

ते ऐकलं आणि मास्तरांना कसंतरी झालं. आपल्या हत्यारावरचा विश्वास उडाला की माणसाचं काय होतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दीड वर्ष ते तेच खात होते, आणि आता तोच घास ते या पोरीच्या ताटात वाढायला निघाले होते.

"तार हलली आहे," मास्तर म्हणाले. "पलीकडे जाताना तुझी बाही लागली. मी पाहिलं. तुझं काही चुकत नाहीये."

तिने वाकून तार पाहिली. बोल्ट घालून डावीकडचा माथा नव्याने शोधला. तो आधीच शोधायला हवा होता, हेही ती मोकळेपणाने म्हणाली. मग गेज, मग क्रँक, हळूहळू, पुढच्याच दिशेने. यावेळी आकडा वाचताना तिने मास्तरांना जवळ बोलावलं आणि त्यांनाच वाचायला लावला. एकशे तेरा. दुसऱ्यांदा एकशे तेरा. तिसऱ्यांदा मोजायची गरज नव्हती, पण मास्तरच म्हणाले, मोज. एकशे तेरा.

डावी बाजू पाच अंश उशिरा श्वास घेत होती.

आता प्रश्न उरला की का. चेनचा एक दात चुकला म्हणावं तर फरक वीसेक अंशांचा पडला असता. दोन्ही हेडची उंची सुनेने मोजली, सारखी निघाली. चेन दोन्हींकडे नवी. शेवटी तिने कपड्याने हात पुसले आणि सरळ विचारलं, की कॅमच्या चक्राचे बोल्ट कसण्याआधी चेनची ढिलाई पूर्ण गेली आहे, हे तुम्हाला कसं कळतं?

मास्तरांनी सांगायला सुरुवात केली. चेन ताणायला एक दट्ट्या असतो, कव्हरच्या आत, डोळ्याला न दिसणारा. त्याची खिट्टी काढली की तो दात्यादात्याने पुढे सरकतो आणि प्रत्येक दात्याला टक असा आवाज होतो. कव्हरला कान लावायचा. तीन टक झाले की ढिलाई गेली, मग बोल्ट कसायचे. त्याआधी कसले तर ढिलाई आतच राहते, आणि इंजिन चालू झालं की कॅम तेवढाच मागे ओढला जातो. हे सांगता सांगता मास्तरांची नजर त्या फटीकडे गेली. उजव्या बाजूला माणूस कसाही वाकू शकतो. पण भिंतीकडच्या फटीत आडवं शिरलं की कव्हरला एकच कान लागतो, डावा.

त्यांना तो दिवस आठवला. फटीत शिरले होते, कान लावला होता, खिट्टी काढली होती आणि तीन टक ऐकले होते. शपथेवर सांगितलं असतं, इतके स्पष्ट ऐकले होते. तीस वर्षं जे ऐकलं ते कान नसतानाही मनात वाजतं, हे त्यांना आत्ता कळलं. दट्ट्या त्या दिवशी अडकला असणार आणि पुढे इंजिन चालू झाल्यावर आपोआप सुटला असणार. आता उघडून पाहिलं तर सगळं जागच्या जागी दिसलं असतं. उरले होते ते फक्त पाच अंश.

मास्तर स्टुलावर बसले. डॉक्टर होते, दारात मास्तरीणबाई येऊन उभ्या होत्या, पण आता लपवायचं तरी काय राहिलं होतं?

"मला डाव्या कानाने ऐकू येत नाही," ते म्हणाले. "दीड वर्ष झालं."

कुणी दचकलं नाही, कुणी तोंडाला हात लावला नाही. सून फटीतून बाहेर आली आणि त्यांच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली.

"माहीत आहे, बाबा."

"कधीपासून?"

"तुमच्या आधीपासून. तुम्ही फोन ठेवून दिलात ना, तेव्हा यांनी लगेच मला केला होता, की बाबांना ऐकू येत नाहीये का बघ. मग त्यांनी तुम्हाला परत लावला."

पहिल्या क्षणी मास्तरांना राग आला, खोटं कशाला सांगा. दीड वर्ष आपण नाटक करत होतो आणि घरातले लोक तिकीट काढून बसले होते. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. फिरवलेलं टेबल. त्या खिडकीतून ऊन कधी येतच नव्हतं, ती उत्तरेची खिडकी. रस्त्याने चालताना बदललेली बाजू. समोर येऊन उभं राहणारी बायको, जिला गुडघेदुखी होती आणि जी तरीही प्रत्येक लहानसहान गोष्टीसाठी स्वयंपाकघरातून बाहेर यायची. दिवसातून वीस वेळा तरी. ते नशीब नव्हतं, योगायोगही नव्हता. दोन बायका होत्या.

"मला सांगितलं का नाहीत?" त्यांनी विचारलं, आणि आवाज त्यांना स्वतःलाच बारीक वाटला.

उत्तर मास्तरीणबाईंनी दिलं. "तुम्हाला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगाल, म्हटलं. तोपर्यंत तुम्ही कुठे ठेचकाळू नये, एवढंच बघत होतो."

डॉक्टरांनाही गप्प राहवलं नाही. दाढ काढायला आला होतात तेव्हा मी डावीकडून तीनदा विचारलं, दुखतंय का, तुम्ही उत्तरच दिलं नाहीत. मला वाटलं, काय धीराचा माणूस आहे. यावर मास्तरांना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. ते त्यांनी तेलकट बाहीने पुसले, त्यामुळे कपाळावर काळा पट्टा उठला.

मग ते उठले, हातातला पाना टेबलावर ठेवला आणि एप्रनची गाठ सोडायला लागले. शब्द म्हणजे शब्द. चूक निघाली होती.

सुनेने पाना उचलून त्यांच्यापुढे धरला. "मला मोजता येतं, बाबा. पाच अंश कुठे आहेत ते मी सांगितलं. पण ते काढायचे कसे, बोल्ट किती कसायचा, हे मला येत नाही. तुम्ही नाही केलंत तर हे इंजिन असंच राहील."

"मी शपथ घेतली आहे."

"सिगारेटची सात वेळा घेतलीत," मास्तरीणबाई दारातून म्हणाल्या. "तेव्हा नाही पाळलीत ती. आता कुठली नवी शिस्त?"

मास्तरांनी एप्रनची गाठ पुन्हा मारली.

चक्राचे बोल्ट सैल करून त्यांनी दट्ट्या मागे दाबला आणि खिट्टी परत बसवली, पण डावीकडच्या फटीत या वेळी सुनेला पुढे घातलं. आपण मागून हात लांब करून खिट्टी धरली आणि तिला कव्हरला कान लावायला सांगितला. कसला आवाज ऐकायचा ते सांगितलं: सुपारी फुटल्यासारखा नाही, त्याहून बारीक, नखावर नख आपटल्यासारखा. आणि दुसऱ्या हाताची बोटं त्यांनी उगाचच कव्हरवर टेकवली. खिट्टी काढली. काहीच झालं नाही. दट्ट्या यावेळीही अडकला होता. मास्तरांनी कव्हरवर मुठीने हलकेच ठोकलं.

"एक," सून म्हणाली. ते मास्तरांना तिने सांगण्याआधीच कळलं होतं, बोटांना. "दोन." थोडा वेळ गेला. "तीन."

मास्तरांनी बोल्ट कसले. सुनेने मोजलं. एकशे आठ.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर शर्यतीला गेले आणि सोमवारी तोच ट्रे घेऊन आले. सहाच्या सहा प्लग बिस्किटाच्या रंगाचे. त्यांची वेळ चार सेकंदांनी सुधारली होती. सहा गाड्यांत ते पाचवे आले होते, पण चेहरा असा की पहिल्यालाही तेवढा आनंद झाला नसेल. मास्तरांनी त्यांना उभं केलं आणि स्पष्ट सांगितलं, की तुमचा पाय पहिल्यापासून ठीक होता, मी उगाच त्याला नावं ठेवली, माझी चूक झाली. डॉक्टरांनी तो विषय तिथेच संपवला आणि मास्तरांचा कान दाखवायला एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंची वेळ ठरवून दिली. गेलेलं सगळं परत येणार नाही, असं त्या बाईंनी पुढे सांगितलं. मास्तरांनी ते शांतपणे ऐकलं, उजव्या कानाने.

त्या सोमवारी जेवायला बसले तेव्हा मास्तर नेहमीच्या जागी होते, डावी बाजू भिंतीकडे. सून उजवीकडे, समोर मास्तरीणबाई. आता टेबल पूर्वीसारखं फिरवलं तरी चालणार होतं, पण तसं कुणी म्हणालं नाही. मास्तर बराच वेळ ताटातलं इकडचं तिकडे करत राहिले. या माणसाने घरात कधी कुणाचे आभार मानले नव्हते. बायकोचे नाहीत, मुलाचे नाहीत, सुनेचे तर नाहीतच. घरच्या माणसांचे आभार मानायचे नसतात असं ते म्हणायचे, आणि ते म्हणणं त्यांना सोयीचंही होतं.

शेवटी ताटाकडे बघतच ते पुटपुटले, "तुम्ही दोघी होतात म्हणून माझं निभावलं."

सून त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती. तिचे दोन्ही कान शाबूत होते. तिने घास खाली ठेवला, मान जराशी कलती केली आणि डोळे मिटले, अगदी मास्तर करायचे तशी.

"काय म्हणालात, बाबा? ऐकू नाही आलं."

मास्तरीणबाईंनी वाढायचा चमचा तसाच हवेत धरला होता. मास्तरांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्यांनी घसा साफ केला, मान वर केली, आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही नीट कळेल अशा आवाजात तेच वाक्य पुन्हा म्हटलं.